प्रज्ञाची वाटी, कौसाबाईंचं ताट

लग्नाच्या पंगतीत मी जाऊन बसले की माझ्या डाव्या-उजव्या ताटांतली जिलबी हळूच भाताखाली जाते. नोकरी सोडून काही वर्षं झाली, तरी यवतमाळातले लोक विसरायला तयार नाहीत. मिठाईच्या दुकानासमोर कोणी ओळखीचं भेटलं तर मी काही विचारायच्या आतच सांगतात, "मॅडम, हे पाहुण्यांसाठी आहे बरं का."

एका खाजगी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. दारावर 'आहार सल्ला' अशी पाटी होती, पण खेड्यांतून येणारे लोक काउंटरवर विचारायचे, "खानं बंद करनाऱ्या बाई कोन्या खोलीत बसतेत?" खरं तर मी कोणाचं खाणं बंद केलं नाही. शुगरचे पेशंट, किडनीचे पेशंट, अंगात रक्त नसलेल्या बाळंतिणी, सगळ्यांना काय आणि कसं खायचं एवढंच सांगत आले. शेवटच्या काही वर्षांत त्यात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या पेशंटची भर पडली. ऑपरेशन नागपूरला व्हायचं. आधीची तयारी करून घेणं आणि नंतरचं खाणंपिणं सांभाळणं, हे यवतमाळात माझ्याकडे असायचं.

ज्यांना या ऑपरेशनची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जठर म्हणजे आपली अन्नाची पिशवी. या ऑपरेशनात तिचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. अशा पेशंटचं यकृत बहुतेक वेळा चरबीनं सुजलेलं असतं, आणि ते नेमकं जठरावर पसरून बसलेलं असतं. ते थोडं आकसलं तरच सर्जनला दुर्बिणीतून वाट सापडते. म्हणून ऑपरेशनच्या आधी दोनेक आठवडे भाकर, पोळी, भात, साखर, तेल जवळजवळ बंद. ऑपरेशननंतर पहिल्यांदा नुसतं पाणी, मग पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि त्यानंतर कुठे नेहमीचा घास. बाळाला जेवायला शिकवतात तसंच सगळं. फरक इतकाच की बाळाला मागच्या वर्षीची पुरणपोळी आठवत नसते.

वणीकडचे एक व्यापारी होते. ऑपरेशन होऊन घरी गेल्यावर त्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही पातळ घ्या म्हणालात. श्रीखंड पातळातच येते ना?" मी म्हटलं, "भाऊ, तसं तर पुरणही मऊच असतं." त्यांनी आशेनं विचारलं, "म्हणजे पुरण चालते?"

असे बरेच भेटले. पण मला लिहायचं आहे ते दारव्ह्याच्या एका सासू-सुनेबद्दल. सुनेला विचारूनच लिहिते आहे. तिनं नावं बदलायला सांगितली, आणि वर बजावलं, "पण आईंचं नाव चांगलं शोधा." म्हणून सून प्रज्ञा आणि सासू कौसाबाई.

प्रज्ञा पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या उजव्या तर्जनीला पट्टी होती. वय तिशीच्या थोडं पुढे. घरी ब्लाउज शिवायची, हात चांगला होता, दारव्ह्यात बायका नंबर लावून थांबायच्या. नवरा मिलिंदचं मोटर वाइंडिंगचं दुकान, एक मुलगी शाळेत. शिवता शिवता प्रज्ञाला डुलकी लागली होती आणि मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी बोटाची मलमपट्टी केली आणि शहाणपणानं पुढचा प्रश्न विचारला, की भर दिवसा झोप का येते? तपासण्यांतून कळलं की झोपेत तिचा श्वास पुन्हा पुन्हा अडकतो. शुगर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले. आमच्या फिजिशियननी ऑपरेशनचा सल्ला दिला आणि तिला माझ्या खोलीत पाठवलं.

मागोमाग कौसाबाई आत आल्या. काटक बांधा, नऊवारी, डोक्यावरचा पदर सारखा सावरायची सवय. "जयभीम, मॅडम," म्हणून त्या सुनेच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

आम्ही सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत? मी प्रज्ञाला विचारलं, उत्तर कौसाबाईंनी दिलं.

"सकाळी कोरा चहा. दुपारी अर्धी भाकर आन वरन. संध्याकाळी तं तेवढंबी नाई. मॅडम, चिमणीवाणी खाते हे पोरगी. शरीरच तसं हाये तिचं, काय करान?"

वजन नुसत्या खाण्यानं वाढतं असं नाही. अंगकाठी असते, झोप असते, शरीरातली रसायनं असतात, घराण्याचा वारसा असतो. त्यामुळे "खात नाही तरी वाढते" हे वाक्य मी कधी खोटं मानलं नाही. पण प्रज्ञा त्या वेळी बोटाच्या पट्टीकडे बघत होती, आणि एकदाही मान वर करत नव्हती.

प्रत्येक पेशंटला एकदा तरी एकटं भेटायचं, हा माझा नियम. पुढच्या खेपेला मी कौसाबाईंना बाहेर बसायला सांगितलं. प्रज्ञानं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग एकदम बोलायला लागली.

"मॅडम, दुपारी आई शेजारी जातेत. शांताबाईच्या ओट्यावर. रोज, ऊन असो का थंडी. हे दुकानात, पोरगी शाळेत. घरात कोणी नसते. तवा मी खाते."

"काय खाता?"

"असंल थे. सकाळच्या भाकरी, गूळ, शेंगदाणे, पोरीचा खाऊ. उभ्यानंच खाते. बसली तं वाटते कोणी पाहून राह्यलं. चव नाई समजत. पोटात दगड ठेवल्यावाणी झालं की थांबते." तिनं पदरानं ओठ पुसले. "मग आईचा आवाज येते. फाटकात आल्या की रोज कुत्र्यावर वरडतेत, 'हाड, हाड, निंग इथून!' तेवढ्यात मी डबे झाकते आन मशीनवर येऊन बसते."

हे कधीपासून, असं मी विचारलं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. नात्यातल्या एका लग्नात ती पंगतीत बसली होती. वाढणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "नव्या नवरीचं ताट पाहा, दोघांचं हाये." सगळी पंगत हसली. तिनं हातातला घास खाली ठेवला. त्यानंतर माणसांत बसून ती कधी पोटभर जेवली नाही.

मी तिला जे सांगणं भाग होतं ते सांगितलं. ऑपरेशननंतर असं उभ्यानं, भराभर, दगड होईपर्यंत खाल्लं तर आतल्या टाक्यांवर ताण येतो. उलट्या होतात, टाका उसवला तर जिवावर बेततं. तेव्हा ही गोष्ट सर्जनला कळायला हवी. समुपदेशन करणाऱ्या आमच्या ताईंशी बोलायला हवं. आणि घरात निदान एका माणसाला माहीत असायला हवं, कारण पहिले दोन-तीन महिने तिच्या खाण्यापिण्याची काळजी कोणीतरी घ्यावी लागणार होती. ते माणूस म्हणजे कौसाबाईच.

"सर्जनले सांगा. ताईले सांगते. पण आईले नका सांगू," ती म्हणाली. "त्या मले चिमणी समजतेत."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "सांगायचं तर तुम्हीच. वाटलं तर इथं सांगा, मी शेजारी बसते."

त्यानंतर ती काही आठवडे ताईंकडे येत राहिली. माझ्याकडेही येई. हळू जेवायचा सराव, घासाघासानंतर चमचा खाली ठेवायचा सराव, जेवताना पाणी न पिण्याचा सराव. ऑपरेशनची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा एका सकाळी दोघी माझ्यासमोर बसल्या आणि प्रज्ञा म्हणाली, "आई, मले तुमाले एक सांगायचं हाये."

तिनं सगळं सांगितलं. भाकरी, गूळ, पोरीचा खाऊ, उभ्यानं खाणं. सांगताना ती माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. तिचं संपल्यावर कौसाबाईंनी पदर सावरला.

"माहीत हाये मले," त्या म्हणाल्या.

प्रज्ञानं वर पाहिलं.

"मले काय याड लागलं होतं का वं, मे महिन्यात दुपारचं शांताबाईच्या ओट्यावर बसाले? शांताबाई सोता आत कूलरसमोर झोपून राहे, आन मी बाहेर. म्हटलं, घर रिकामं असलं तं पोरगी दोन घास खाईन. सकाळच्या भाकरी जास्तीच्या का होत होत्या? मीच करो."

"आन कुत्रं?" प्रज्ञानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कुत्रं कोठचं? आपल्या गल्लीत कुत्रं पाह्यलं तुनं कदी?"

प्रज्ञाला आधी हसू फुटलं. खरंच, मोठ्यानं हसली ती. आणि हसता हसता तिला असं रडू आलं की मी उठून दार लावलं आणि बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. कौसाबाईंनी तिचा पट्टी सुटलेला हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"त्या लग्नात मीबी हासली होती, बाई," त्या म्हणाल्या. "तुहा घास खाली ठेवतानी म्या पाह्यला. मग तुले कोन्या तोंडानं म्हनू, माह्यासमोर बसून खा? वाटलं, एकटी तं एकटी, पोटभर खाऊ दे. त्या खान्यानं तुले सुख नाई भेटलं, थे मले नाई समजलं."

त्या दिवशी मला आणखी काही सांगायचं, शिकवायचं उरलंच नव्हतं. तारीख ठरली.

तयारीचे दोन आठवडे सोपे नसतात. मुगाचं पातळ वरण, ताक, उकडलेली अंडी, पालकाचं सूप, काकडी, पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकांचं डोकं दुखतं, चिडचिड होते. कौसाबाईंनी जाहीर केलं की घरात तवा चढणार नाही. मिलिंदनं आणि पोरीनं शांताबाईकडे जेवावं. प्रज्ञानंच ते मोडून काढलं. म्हणाली, "आई, भाकरीचा वास काही दारव्ह्यातून जाणार नाई. मी त्याच्यासंगं राह्याले शिकते, तुमी भाकरी टाका." आणि ती स्वयंपाकघराच्या दारात बसून ताक पीत राहिली. हे मला मिलिंदनं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात बायकोविषयी एक नवाच आदर होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी त्याच सुमाराला बहिणीकडे नागपूरला गेले होते, म्हणून भेटायला गेले. प्रज्ञा पलंगावर टेकून बसली होती आणि कौसाबाई चमच्यानं पाणी देत होत्या. एक चमचा दिला की त्या तिच्या गळ्याकडे बघत, पाणी खाली उतरलं की मगच दुसरा भरत.

"मॅडम, पाणी जड लागते," प्रज्ञा म्हणाली. "पाण्याले वजन असते हे मले माहीतच नव्हतं."

हे माझे बरेच पेशंट सांगतात. आतली जागा सुजलेली असते, तिथून एक चमचा पाणी उतरणंही जाणवतं.

खरी परीक्षा घरी गेल्यावर असते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. दारव्ह्यातल्या बायका डिंकाचे लाडू, शिरा, साजूक तुपातलं काही ना काही घेऊन येऊ लागल्या. "पोटाचं ऑपरेशन आन पोरगी पान्यावर ठेवली? अशानं मरंल थे!" कौसाबाईंनी दारातच बाज टाकली आणि तिथं ठाण मांडलं. डबा घेऊन येणारीला त्या बसवून घ्यायच्या, चहा द्यायच्या, तिचा डबा तिच्यासमोर उघडायच्या आणि म्हणायच्या, "लय चांगला झाला शिरा. तूच खाय आता, लांबून आलीस."

वरणाचं पाणी त्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यातून गाळायच्या. मी सांगितलं होतं, मसाला नको, तिखट नको. त्यांनी विचारलं, "मिठाचं काय? जिऱ्याचं काय?" चिमूटभर चालेल म्हटल्यावर चेहरा खुलला. "पान्यालेबी चव पाह्यजे ना, मॅडम. बेचव देऊ तं पोरगी कायले बरी होईन?"

प्रज्ञा पातळावरून घोटलेल्या खाण्यावर आली तेव्हा एक दिवस तिच्या घरून घाबरवणारा फोन आला. छातीत दुखतं, तोंडाला फेस येतोय, आत काही अडकलंय. मी विचारलं, काय खाल्लं? घोटलेली मुगाची खिचडी. किती वेळात? पटकनच. सर्जनशी बोलून तिला तपासणीला पाठवलं. सुदैवानं टाके ठीक होते. नुसती घाई झाली होती. इतक्या वर्षांची उभ्यानं खायची सवय, हात आपोआप भराभर चालला होता.

त्यावर कौसाबाईंनी स्वतःच तोड काढली. जेवताना त्या समोर बसायच्या आणि घासाघासाला गल्लीतली एक बातमी सांगायच्या. बातमी पूर्ण झाल्याशिवाय दुसरा घास नाही. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. आमच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, प्रत्येक घास बारीक चावा, मधे थांबा. गल्लीतल्या बातम्यांची सोय कुठल्या पुस्तकात नाही.

पण त्याच दिवसांत प्रज्ञाचा एक वेगळाच फोन आला होता, तो मी अजून विसरले नाही. दुपारची वेळ होती. ती म्हणाली, "मॅडम, भूक नाई लागत. दुखतबी नाई काही. पण दुपार जात नाई. घरातलं कोणी गेल्यावाणी वाटते."

माझ्याकडे अशा वेळेला देण्यासारखं काही नव्हतं. कुठलं सूप, कुठलं ताक त्यावर चालणार? इतकी वर्षं रोज दुपारी जे तिच्या सोबतीला होतं, मग ते वाईट का असेना, ते खरोखरच गेलं होतं. मी तिला म्हटलं, "गेलं आहे, तर रडून घ्या. आणि आज आईंना शेजारी जाऊ देऊ नका." तिनं फोन ठेवून सासूला तसंच सांगितलं. त्या दिवसापासून शांताबाईच्या ओट्यावरची बैठक बंद झाली. दुपारी प्रज्ञा मशीनवर आणि कौसाबाई खाली चटईवर, ब्लाउजना हुक आणि काजं करत. सुईत दोरा ओवता येत नसे, तेव्हा त्या सुई वर करत आणि प्रज्ञा मशीन थांबवून ओवून देई.

सगळं चांगलं चाललं होतं. शुगरची गोळी कमी झाली. दुपारी मशीनवर बसून डुलकी येईनाशी झाली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा ती घाबरली. मी सांगितलं, हे बहुतेकांचं होतं, केस परत येतात. मात्र प्रोटीन आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, गोळ्या तर जन्मभर. तिनं मान हलवली. मी पुढच्या पेशंटला बोलावणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा मॅडम. आज माह्यं नाई. आज आईंचं पाहा."

मी कौसाबाईंकडे नीट पाहिलं. इतके दिवस माझी नजर सुनेवर होती, कारण पेशंट ती होती. कौसाबाईंचे गाल बसले होते. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

"त्यांचं नवं झंपर शिवायला माप घेतलं," प्रज्ञा म्हणाली, "आन टेप हातात तशीच राह्यली. माह्यासोबत वाटीभर वरण खातेत आन 'झालं माह्यं' म्हणतेत. मले वाटे, मले त्रास नको म्हणून भाकर शांताबाईकडं जाऊन खात असतील. काल मी शांताबाईले विचारलं. त्या म्हणे, थे तं चहाबी घेत नाई इथं."

"मले भूकच नाई," कौसाबाई म्हणाल्या.

"कौसाबाई," मी म्हटलं, "खरं सांगा."

त्यांनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरगी समोर बसून चमच्यानं वरन पिऊन राह्यली, मॅडम. तिच्यासमोर मी भाकर मोडू? घास उतरत नाई गळ्याखाली."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन खाली गेलं होतं, उठताना चक्कर येत होती, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यावर रागावणार होते. पण त्याआधीच प्रज्ञा खुर्ची वळवून त्यांच्यासमोर बसली.

"आई, मले ताट पाहून त्रास नाई होत. तुमी उपाशी राहता त्याचा होते. तुमी नाई जेवल्या तं मीबी चमचा हातात घेणार नाई. आता तुमीच पाहा."

"धमकी देते का वं मले?"

"हो."

कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "पाहा मॅडम, ऑपरेशन झाल्यापासून कशी बोलाले लागली." पण डोळ्यांत कौतुक होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

त्या दिवशी मी कौसाबाईंसाठी आहार लिहून दिला. दीड भाकर, वरण, आंबाडीची किंवा कुठलीही पालेभाजी, रोज एक अंडं, गुळाचा खडा, दुपारी शेंगदाणे. एक अट घातली: दोघींनी एकाच वेळी, समोरासमोर बसून जेवायचं. एकीची वाटी, दुसरीचं ताट. कोणी कोणाच्या आधी उठायचं नाही. "खानं बंद करनाऱ्या बाई आन मले खानं वाढवून देऊन राह्यल्या," असं म्हणत त्यांनी तो कागद पिशवीत ठेवला. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर पुन्हा मांस होतं आणि नवं झंपर अंगाला बसत होतं.

सगळ्यांच्या गोष्टी अशा होत नाहीत. काही पेशंट सुरुवातीला नियमानं येतात आणि मग दिसेनासे होतात. फोन केला तर घरचे सांगतात, ते बाहेर गेलेत. कधी वर्षा-दोन वर्षांनी बाजारात समोर येतात आणि ओळख न दाखवता पलीकडच्या दुकानात शिरतात. त्यांच्या मागे जाऊन हाक मारावी असं मला दर वेळी वाटतं. त्यांना वाटतं मी रागावेन. मला फक्त विचारायचं असतं, बरे आहात ना?

मी निवृत्त झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रज्ञाचा फोन आला. बुद्धपौर्णिमेला घरी या म्हणाली. मी दारव्ह्याला गेले. संध्याकाळी वंदना झाल्यावर घरात आणि अंगणात माणसं मावत नव्हती. मिलिंद सतरंज्या टाकत होता, मुलगी पाण्याचे पेले मांडत होती. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, खीर होती. प्रज्ञा आता पूर्वीच्या तुलनेत निम्मी दिसत होती असं कोणी म्हणेल. मला मात्र तिची मान वर आहे हे आधी दिसलं.

वाढणं झाल्यावर ती सगळ्या बायकांच्या मध्ये, कौसाबाईंच्या शेजारी येऊन बसली. समोर लहान वाटी. थोडी पुरी, थोडी भाजी तिनं सावकाश खाल्ली, आणि वाटीत खीर घेतली. चमच्याच्या टोकानं, थांबत थांबत. वाढणाऱ्या एक मावशी पळी घेऊन आल्या.

"एवढीशीच? घे वं, सणाचा दिवस हाये."

कौसाबाई उत्तर द्यायला पुढे सरसावल्या. प्रज्ञानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नको मावशी," ती म्हणाली. "पोट भरलं माह्यं."

'पाऊस थांबला', 'दार लोटलं' असं म्हणावं इतक्या सहज ती हे म्हणाली. मावशी पुढच्या ताटाकडे वळल्या. बायका आपापल्या गप्पांत होत्या, कोणाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. तिच्या वाटीत दोन चमचे खीर उरली होती. ती वाटी बाजूला ठेवणार, तेवढ्यात कौसाबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि तिच्याच चमच्यानं खायला सुरुवात केली.

समोरच्या एका म्हातारीनं ते पाहिलं. "काय वं कौसा, सुनंचं उष्टं खातेस?"

"लय गोड झाली खीर," कौसाबाई म्हणाल्या, आणि बोटानं वाटी पुसून घेतली.